मशीनचे दात

हणमंततात्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. व्हिडिओ गेमच्या मशीनवर फसवलं, ती दहावीत असताना, साखर कारखान्याच्या गेटसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दिवसाउजेडी आणि लोकांच्या गर्दीत. ही गोष्ट मला पंचवीसहून जास्त वर्षांनी, यंदाच्या हंगामात कळली. तोवर मी सगळा दोष बहिणीलाच देत आले होते. हे लिहून ठेवते आहे, कारण मी तोंडानं बोलले की लोक म्हणतात, रंजना तापट आहे, तिचं काय ऐकायचं. तापट आहेच मी. पण जुन्या सामानाच्या धंद्यात इतकी वर्षं काढली ती तापटपणावर नाही, खरं-खोटं पारखून काढली.

यंदा कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, आणि आठवड्याभरात बारामतीच्या माझ्या दुकानापुढून ते सगळं सुरू झालं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची कान फाडणारी गाणी, वळणावर ट्रॉली कलली की रस्त्यावर पडणाऱ्या कांड्या, मागे अडकलेल्या मोटरसायकलवाल्याच्या शिव्या. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास येतो. बाहेर मांडलेल्या फ्रीजवर आणि कपाटांवर चिमणीची काजळी बारीक काळ्या पाकळ्यांसारखी येऊन बसते. ती फडक्यानं पुसायची नसते, पुसली की पसरते. फुंकायची असते. हे मला आईनं शिकवलं, कारखान्याच्या गेटवर, वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर फुंकर मारत.

आमचे आण्णा कारखान्यात हंगामी कामगार होते. घर वरकुट्याच्या वस्तीवर, पण हंगामाचे पाच-सहा महिने आम्ही सणसरच्या बाजूला, गेटजवळच्या चाळीत एका खोलीत राहायचो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपून कारखाना बंद झाला, की पुन्हा वरकुटे. त्यामुळे माझ्या लेखी वर्षाला दोनच ऋतू होते, भोंग्याचा आणि बिनभोंग्याचा. भोंग्याच्या ऋतूत आई गेटसमोर भजी तळायची. तिच्या गाड्याला लागून हणमंततात्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये व्हिडिओ गेमच्या तीन मशिनी. तेलाचा धूर आणि मशिनींचा आवाज एकमेकांत मिसळून गेलेला असायचा. मला आजही कांदाभजीचा वास आला की कानात गेममधलं विमान पडल्याचा आवाज होतो.

त्या ऋतूकडे मला पुन्हा नेलं ते एका काळ्या डबीनं. भिगवण रस्त्यावरचा एक कॅफे बंद पडला, त्याचं सगळं सामान मी घासाघीस करून एकगठ्ठा उचललं. खुर्च्या, टीव्ही, कॉफीचं यंत्र. ही डबी त्यावर फुकट मागून घेतली. वर काहीतरी मागून घेतल्याशिवाय सौदा बंद करायचा नाही ही माझी सवय. डबी तळहाताएवढी, सोबत दोन रिमोटसारखे कंट्रोलर. काय आहे ते कळल्याशिवाय विकता येत नाही, म्हणून माझ्या समोरच्या गाळ्यात टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारे यासीनभाई आहेत, त्यांच्याकडे नेली. यासीनभाई आता पन्नाशीच्या पुढे आहेत. तेव्हा पंचविशीचे होते आणि तात्यांच्या मशिनींचे मेकॅनिक होते. आमची ओळख त्या शेडपासूनची.

डबीत एक सॉफ्टवेअर होतं. त्याला एम्युलेटर म्हणतात. मी त्याला बहुरूपी म्हणते. बहुरूपी जसा सकाळी पोलीस होऊन येतो आणि दुपारी साधू, तशी ही एकच डबी पंधरा-वीस जुन्या यंत्रांची सोंगं घेते. टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम, हातात धरायचा छोटा गेम, शेडमधलं उभं मशीन, ज्याचं म्हणाल त्याचं. प्रत्येक सोंगासाठी आत वेगळा भाग असतो. गेम निवडला की तो भाग पुढे येतो आणि गेमला शपथेवर सांगतो, मीच तुझं जुनं यंत्र. गेम विश्वास ठेवतो. सॉफ्टवेअर फुकट आणि राजरोस मिळतं. आत भरलेले हजारो गेम मात्र कुणाच्या परवानगीनं भरले, हे मी कॅफेवाल्याला विचारलं तेव्हा तो नुसता हसला. असं हसणारा माणूस मला नीट कळतो.

यासीनभाईंनी एकेक करामत दाखवली. पडद्यावर बारीक आडव्या रेघा आणता येतात, म्हणजे नव्या चपट्या टीव्हीवरचं चित्र जुन्या काचेच्या टीव्हीसारखं फुगीर आणि मऊ दिसतं. कुठल्याही बटणाचं काम कुठल्याही बटणाला देता येतं, डावखुऱ्याची सोय होते. बटण दाबणं आणि पडद्यावर हलणं यात किंचित अंतर पडतं, तेही कमी करता येतं. एक जण बारामतीत आणि दुसरा इंदापुरात बसून एकच गेम खेळू शकतो. गेम हळू करता येतो, पळवता येतो. आणि हवा तिथं थांबवून ठेवता येतो. दहा कप्पे असतात. मरायच्या क्षणभर आधी कप्प्यात ठेवा, जेवून या, उद्या या, तो क्षण तसाच ताजा. गोळी हवेतच. त्याहून कमाल म्हणजे मागं नेणं. एक बटण दाबून धरलं की फुटलेलं विमान जोडलं जातं, गोळ्या माघारी फिरतात आणि जिथून सुटल्या त्या तोंडात जाऊन बसतात. गिऱ्हाइकाला दाखवायला ही करामत चांगली, असं मी मनात टिपून ठेवलं. आपण आयुष्यात एखादा शब्द असा तोंडात परत घेतला आहे का, असा विचार आला आणि मी तो झटकला.

माझी बहीण छाया. मी तिला आक्का म्हणते. तिच्याइतका चपळ हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही. आई भज्यांचा एक घाणा काढायची तोवर आक्का दुसऱ्या घाण्याचा कांदा चिरून मोकळी. भाजी निवडताना तिची बोटं दिसायची नाहीत, नुसता ढीग वाढताना दिसायचा. तात्यांच्या शेडमध्ये विमानाचा एक गेम होता. खालून वर जायचं, नदी, पूल, जंगल, आणि पाचव्या टप्प्याला पडद्यात न मावणारं जहाज. जहाजाच्या पलीकडे त्या गेटवरचा कुणीही कधी गेला नव्हता. आक्कानं एकदा गंमत म्हणून मशीनचा दांडा धरला आणि पहिल्याच कॉइनला पुलापर्यंत गेली. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर भज्यांचे कागद हातात धरून दारात येऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, लाटणं धरायचा हात हाय, दांडा कसा धरला बघा. आक्का मागं न बघता म्हणाली, लाटण्याला एवढ्या गोळ्या चुकवाव्या लागत न्हाईत व्हय? ड्रायव्हर तिच्या बाजूचे झाले.

त्या हंगामात तात्यांनी शेडच्या आढ्याला एक कोरी सायकल टांगली. जो एका कॉइनमध्ये जहाजाच्या पलीकडे जाईल त्याची. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, पण सौदा कशाला म्हणतात ते मला कळत होतं. तात्या म्हणाले, बक्षीस गड्यांसाठी आहे. मी म्हटलं, आक्का खेळते तेव्हा तुमच्या दारात किती माणसं उभी राहतात आणि गडी खेळतो तेव्हा किती, हे तुम्हीच सांगा. तात्या म्हणाले, तुझा बाप कामगार कसा राहिला गं? मी घासाघीस करून ठरवलं ते असं. रोज चार वाजता, पाळी बदलायच्या वेळी, आईच्या एका प्लेट भज्यांच्या बदल्यात आक्काला एक कॉइन. पट्टा पडेपर्यंत मुदत. आणि हे तात्यांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर मोठ्यानं बोलून दाखवायचं. त्यांनी दाखवलं. मला इतका अभिमान वाटला की मी चाळीत सांगत सुटले. मशीन उघडून दाखवा, एवढं एक मागायचं मला सुचलं नाही. आज मी जुना टेबलफॅनसुद्धा पाठीमागचं झाकण काढल्याशिवाय घेत नाही.

सायकल आम्हाला मिरवायला नको होती. आक्काला दहावीनंतर इंदापूरच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं. वरकुट्याची आमची वस्ती एसटीच्या रस्त्यापासून आत. आण्णांनी सांगून ठेवलं होतं, येस्टीच्या भरवशावर पोरगी धाडायची न्हाय मला, सायकल असंल तर बघू. आण्णांचं 'बघू' म्हणजे होकारच असायचा. त्यामुळे त्या मशीनमध्ये एक कॉलेज होतं. चार वाजता भोंगा झाला की मी प्लेट घेऊन पुढे आणि आक्का ओढणीला हात पुसत मागे.

फेब्रुवारीत ती रोज जहाजापर्यंत पोचायला लागली. तिचा अभ्यास पण तिथंच चालायचा. गाड्याच्या मागं पोत्यावर बसून भूमितीची प्रमेयं, चारच्या ठोक्याला दांडा, मग पुन्हा प्रमेयं. ती म्हणायची की जहाजाच्या गोळ्यांनाही प्रमेय आहे, तिसरी लाट आली की डावीकडे जागा पडते, आपण आधीच तिथं असायला पाहिजे. ती जहाज अर्धं फोडायची. मग पाऊण. दुसऱ्या दिवशी मात्र गोळ्या कशा कोण जाणे, आधीच येऊन पोचायच्या. आक्का म्हणायची, आज काहीतरी वेगळं आहे. मी म्हणायचे, तुझं लक्ष नाही.

त्याच दिवसांतली शेडमधली एक गंमत होती. यासीनभाईंचे पुढचे दोन दात जरा बाहेर आलेले. हसले नाहीत तरी हसल्यासारखे दिसायचे. तात्या दुपारी शेड उघडताना हाक मारायचे, "यासीन, आज दोन दात वर कर." कधी, "आज तीन." ड्रायव्हर हसायचे, आई हसायची, आम्ही दोघी तर पोट धरून हसायचो. यासीनभाई खाली मान घालून मशीनच्या मागे जायचे. मशीन तापलं आहे म्हणून बंद करून पुन्हा चालू करायचे. पडद्यावरची सर्वांत जास्त गुणांची यादी पुसली जायची, आक्काची तीन इंग्रजी अक्षरंही जायची. आम्हाला वाटायचं, चिडवलं म्हणून बिचारा तोंड लपवायला मागे गेला.

पट्टा पडायच्या आदल्या दिवशी आक्काचा शेवटचा पेपर होऊन दोन दिवस झाले होते. शेड भरली होती. ऊसतोडीच्या बायका कडेवर मुलं घेऊन आल्या होत्या. आक्का नदी, पूल, जंगल एकही विमान न गमावता ओलांडून गेली. जहाज आलं. पहिली लाट, दुसरी लाट. तिसरीला ती डावीकडे सरकली, जिथं जागा असायला हवी होती तिथं. मळणी यंत्रातून दाणे उडावेत तशा गोळ्या आल्या. एकामागून एक तिन्ही विमानं गेली. शेडमध्ये कुणीतरी चुकचुकलं. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "हात ढिला पडला तुझा, आक्के. जीवच न्हाय तुझ्यात."

हे मी एकदा म्हणून थांबले असते तर आज हा लेख वेगळा झाला असता. मी चाळीत म्हटलं, वरकुट्याला जाऊन म्हटलं. जूनमध्ये कॉलेजचा विषय निघाला तेव्हा आण्णा जेवता जेवता आईला म्हणाले, "धाकटी म्हणती ते खरं हाय. हिच्यात जीव न्हाय. चार दिवसांत कंटाळंल." आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले, कारण माझा राग गेला नव्हता. माझा सौदा तिनं घालवला होता. पुढच्या वर्षी तिचं लग्न निरवांगीला झालं. पुढच्या हंगामात शेडच्या आढ्याला तीच सायकल टांगलेली होती, हँडलचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. ती पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. नंतरच्या वर्षांत कधी भांडण झालं की माझ्या तोंडी तेच वाक्य यायचं. दिवाळीला, आईच्या आजारपणात, एकदा तर तिच्या सासूसमोर. आक्कानं कधी उलट उत्तर दिलं नाही आणि मला ते तिच्या ढिलेपणाचंच लक्षण वाटलं.

यासीनभाईंच्या टेबलावर डबी लावलेली होती. शेडमधल्या मशिनींचं सोंग उघडून ते यादी खाली सरकवत होते आणि आमचा विमानाचा गेम सापडला. सुरू होताना त्यानं पडद्यावर तेच कचऱ्यासारखे आकडे फेकले जे शेडमध्ये फेकायचा, तीच धून, तोच निळा रंग. मी खुर्ची ओढली. यासीनभाईंनी या मशीनच्या आतल्या सेटिंग उघडल्या. एम्युलेटर सगळं दाखवतो. मशीनच्या पोटात जी गोष्ट कुलूप लावून ठेवलेली असायची ती इथं यादीत सरळ लिहिलेली असते. विमानं किती, गेम सोपा, मध्यम, अवघड की फार अवघड. आणि बाजूला चित्र. एक चौकोनी पट्टी आणि तिच्यात ओळीनं आठ बारीक पांढरी बटणं. काही वर, काही खाली.

यासीनभाई सवयीनं म्हणाले, "हे बघा ताई, दात." मी पण सवयीनं हसले. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि मी बरंच विचारलं. मशीन चालवणारे सगळेच त्या बटणांना दात म्हणायचे. दोन वर केले की गोळ्या जलद. तीन केले की विमानाला निसटायला जागाच उरत नाही. मशीन बंद करून चालू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. आक्का आदल्या दिवशी जहाजाला जितकी भिडली असेल त्या मानानं तात्या दुसऱ्या दिवशीचे दात सांगायचे. "मी नोकर होतो, ताई," यासीनभाई म्हणाले. "पण शेवटच्या दिवशी मी हात लावला न्हाय. मी म्हणालो, तात्या, पोरीची परीक्षा झालीय, आज तरी ऱ्हाऊ द्या. त्यांनी मशीनची किल्ली माझ्या हातातून घेतली आन मला चहा आणायला धाडलं. त्या दिवशी किती दात वर व्हते ते मला ठावं न्हाय."

मी त्यांच्या टेबलावरचं स्क्रूड्रायव्हरचं डबडं उचलून आपटलं. इतकी वर्षं समोर दुकान आहे तुमचं, तोंडात दात नव्हते का, असं काहीबाही बोलले. ते जमिनीवरचे स्क्रू वेचत राहिले. मग म्हणाले, तुम्हाला माहीत आहे असं मला वाटत होतं. सगळे हसायचे तेव्हा सगळ्यांना कळलंय असंच मी धरून चाललो होतो.

त्या रात्रीपर्यंतही मी थांबले नाही. दुपारचीच एसटी पकडून इंदापूरला तात्यांकडे गेले. तात्या आता मोठे आहेत. दोन मजली घर, दारात गाडी, गावच्या जत्रेत कुस्त्यांना इनाम देतात. मला ओळखलं. भज्यावालीची पोरगी म्हणाले. मी आधी गोड बोलले, कारण घासाघिशीत पहिला राग दाखवेल तो हरतो. तब्येत विचारली, चहा घेतला, मग दातांचा विषय काढला. तात्या बिलकूल दचकले नाहीत. व्हय, करायचो वर, सगळेच करायचे, असं म्हणाले. गिऱ्हाईक हरलं नाही तर मालक जगणार कसा? मी म्हटलं, लोकांसमोर शब्द दिला होता तुम्ही. ते म्हणाले, शब्द सायकलीचा दिला होता, दातांचा नाही.

मग त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश विचारलं, "तू जुन्या मोटारीला रंग लावून विकत न्हाईस व्हय?"

मी म्हटलं, लावते, पण गिऱ्हाइकाला झाकण उघडून दाखवते.

"मग तुमी मागितलं असतं तर आमी बी दावलं असतं," तात्या म्हणाले. "मागितलं न्हाय तुमी. आन त्या खेळात ठेवलं काय व्हतं एवढं?"

मी कप खाली ठेवला. काय ठेवलं होतं ते सांगायला तोंड उघडलं, तर कॉलेज म्हणण्याआधी 'जीवच न्हाय तुझ्यात' हे माझंच वाक्य आठवलं. मी उठून आले. आयुष्यात सौदा अर्धा टाकून मी उठले ती तेवढीच वेळ.

आक्काची निरवांगीला उसाची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीच्या सावलीत ट्रे मांडलेले, ट्रेच्या प्रत्येक खणात कोकोपीट, त्यात एका डोळ्याचं टिपरं, म्हणजे उगवायला लावलेला उसाचा तुकडा. तिच्या हाताखाली आठ बायका आहेत आणि ती त्या आठ जणींपेक्षा पुढे असते. मी डबी घेऊन रविवारी गेले. ती टिपरी लावत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दात, किल्ली, शेवटचा दिवस. तिनं एक ओळ पुरी केली, दुसरी सुरू केली. पहिलं काय विचारलं तर, यासीनभाईला काय टाकून बोलली न्हाईस ना? मी ट्रेच्या कडेचं कोकोपीट बोटानं झटकलं. मग मी म्हटलं, आक्का, माझं चुकलं. ती म्हणाली, "व्हय. चुकलं." आणि ट्रे पुढे सरकवला. तिनं मला सावरलं नाही. सावरायला हवं होतं असंही मी म्हणत नाही.

जेवणानंतर टीव्हीला डबी लावली. मी मशीनचे दात मध्यमवर ठेवले, तिला दाखवून ठेवले. पडद्यावर जुन्या काचेच्या रेघा आणल्या. तिनं कंट्रोलर हातात धरला तेव्हा तो तिला खेळण्यासारखा लहान वाटला असावा, दोनदा बोटं बदलली. पहिल्यांदा नदीतच मेली. चौथ्यांदा पूल. मी म्हटलं, आता हे इथं कप्प्यात ठेवू, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून नको. ती म्हणाली, एका कॉइनमध्ये ठरलं होतं. प्रत्येक वेळी नदीपासून सुरू करत गेली. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, मालकीणबाई हे कुठं शिकल्या? ऊन भिंतीवरून सरकून कोनाड्यात गेलं तेव्हा जहाज आलं.

पहिली लाट. दुसरी. तिसरीला ती डावीकडे सरकली. जागा होती. या वेळी खरंच जागा होती, मी पाहिली. पण तिचा अंगठा तिथं अर्धा क्षण उशिरा पोचला.

मी घाईनं म्हटलं, मागं ने, हे बटण दाबून धर, गोळ्या परत जातील.

"मागं नेऊन काय करू?" आक्का म्हणाली. "हात तर आजचाच हाय." तिनं कंट्रोलर गादीवर ठेवला. पडद्यावर नाव लिहायला तीन चौकोन उघडले होते, ते तिनं रिकामे सोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा दात खाली असतं, तर गेली असती का गं मी पलीकडं?"

मला हो म्हणायचं होतं. पण धंद्यात मी इतके होकार विकले आहेत की माझा होकार तिला कशाला चालेल? नाही म्हटलं, तर इतकी वर्षं मी बोलत आले ते खरं ठरतं. हो म्हटलं, तर तिचं काय गेलं ते तिला आज दुपारी, हातावरचं कोकोपीट वाळायच्या आत, एकदम कळतं. माझ्याजवळची डबी वीस यंत्रांची सोंगं घेते, पण त्या दिवशीची दहावीतली मुलगी तिच्या दहाही कप्प्यांत नाही. मी एवढंच जाणते की हरणाऱ्यासाठी कुणी दात वर करत नाही. हा माझा तर्क आहे. तर्कावर मी सामान घेते, बहिणीला उत्तर देऊ शकत नाही.

ते उत्तर एकाच माणसाजवळ आहे. रोज चार वाजता तो तिच्या मागं उभा राहायचा, तिचा हात बघायचा आणि त्या हाताचं माप घेऊन दुसऱ्या दिवशीचे दात ठरवायचा. शेवटच्या दिवशी किल्ली त्याच्याच हातात होती. तिच्या हाताची खरी किंमत त्याच्याइतकी कुणालाच कळली नव्हती, मला तर नाहीच.

तात्या, झाकण उघडायला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते आहे. त्या दिवशी किती दात वर केलेत, आणि ती पलीकडे जाणार हे तुम्हाला दिसलं होतं की नाही? हे मला सांगू नका. निरवांगीला जा. ती टिपरी लावत असेल, तुमच्यासाठी हात थांबवणार नाही. तिच्यासमोर उभे राहा आणि तिला सांगा.